मेरठचा टेनर, पॅरिसचा टेनर

बातमीदाराकडे दोन तऱ्हेच्या गोष्टी येतात. ज्या छापता येतात, त्यांच्या कागदात दुसऱ्या दिवशी बोंडे-भजी बांधली जातात. ज्या छापता येत नाहीत, त्या मात्र जात नाहीत! डोक्यात एकावर एक बसून राहतात आणि कुणी नुसतं "त्या क्लबच्या बँडचं काय हो झालं होतं?" म्हटलं, की ढकलाढकली करत बाहेर येतात.

हे किस्से पन्नासच्या दशकाची अखेर आणि साठची सुरुवात यांतले. मी बेळगावचा, कॉलेज संपवून बंगळूरच्या एका इंग्रजी दैनिकात चिकटलेला. कॅन्टोन्मेंटमधल्या एका क्लबात शनिवारी डान्स असे. क्लबचं नाव सांगत नाही, त्यांना वकील फार! त्या बँडमध्ये टेनर सॅक्सोफोन वाजवणारे दोघे होते. एक फ्रेडी, अँग्लो-इंडियन, उंच, लाजाळू, त्याच्याकडे पॅरिसहून आलेला सोनेरी बाजा. आणि दुसरा आमचा शंकर मोहिते. चिकपेटेतलं तीनशे वर्षांचं मराठी घराणं. दिवसा सरकारी कचेरी, संध्याकाळी क्लब. त्याच्याकडे मेरठला घडवलेला, निकेलचा मुलामा दिलेला बाजा.

या दोन बाजांवरून आम्ही जितकं भांडलो, तितकं विधानसभेतही कुणी भांडलं नसेल. विधानसभा मी रोज बघत होतो, म्हणून सांगतो!

* * *

शंकरलाही आधी परदेशीच बाजा हवा होता. पण तेव्हा बाहेरून टाचणी आणायची तरी लायसन्स लागे. मी त्याच्यासोबत संबंधित साहेबांकडे गेलो.

साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"सॅक्सोफोन. बरं. राष्ट्राच्या उभारणीत याचा उपयोग काय?"

मी भांडायला तोंड उघडणार, तोच शंकर अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, राष्ट्र दिवसभर उभारून उभारून दमतं. संध्याकाळी स्वल्प नाचायला नको त्याला?"

अर्ज नामंजूर!

* * *

मग मेरठहून मागवला. पेटी यशवंतपूरला उतरली. पार्सल ऑफिसातला कारकून पेटी उघडून बघतच बसला. आत ते वाकडं नळकांडं, त्याला सतरा झाकणं.

"हा पाण्याचा पंप आहे," तो म्हणाला.

"वाद्य आहे," मी म्हणालो.

"पंपाला दर वेगळा."

मी आवाज चढवला, वरच्या साहेबाचं नाव विचारलं, छापायची धमकी दिली. कारकून ढिम्म! म्हणाला, "वाद्य असेल तर वाजवून दाखवा."

शंकरने तिथंच फलाटावर बाजा जोडला, खिशातून आपला माउथपीस काढून लावला, आणि नवीन बाजाचा दम बघायचा म्हणून सगळ्यात खालचा सूर लावला. काय आवाज म्हणता! भोंऽऽऽ!

पलीकडच्या रुळावर मालगाडी उभी होती. तिच्या गार्डाने दचकून हिरवं निशाण बाहेर काढलं.

कारकून दोन्ही हात जोडून उठला. "सरी, सरी! बरोबर, बरोबर! घेऊन जा! गाडी सुटेल माझी!"

* * *

आता खरी तुलना. मी शंकरच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. पण डोळ्यांनी बघितलं आणि कानांनी ऐकलं ते बदलत नाही.

एका रविवारी तालमीच्या खोलीत फ्रेडी आणि शंकरने बाजांची अदलाबदल केली. माउथपीस मात्र आपापले! बँडवाल्यांचं हे कडक सोवळं. मित्राला बाजा देतील, कोट देतील, बहीणही देतील. माउथपीस देणार नाहीत. दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश कुणी तोंडात घालतं का?

फ्रेडीने मेरठचा बाजा गळ्यात अडकवला आणि आधी मान वाकली. नंतर कळा दाबायला लागला.

"शंकर, हे वाजवायचं की टाइप करायचं?" तो इंग्रजीत बोलत असे, मी आपल्या भाषेत सांगतोय. "बोटांना तालीम लागेल याच्यासाठी!"

खरं होतं. मेरठच्या कळा जड. स्प्रिंगा राठ. डाव्या करंगळीच्या कळा तर अशा लांब बसवलेल्या, की त्या कारागिराची करंगळी वीतभर असावी.

शंकरने पॅरिसचा घेतला. लोण्यावरून बोटं फिरावीत तशा कळा. खालचे सूर नुसती फुंकर घातली की तयार. मेरठचा तिथं गुळण्या करायचा, हेही मान्य! आम्ही सगळे शंकरच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने एक अख्खं गाणं वाजवलं, बाजा खाली ठेवला.

"कसा आहे?" फ्रेडीने विचारलं.

"छान आहे रे. पण सरकारी जावयासारखा आहे. मी बोट उचलायच्या आत पुढे पळतो. माझं ऐकतो असं वाटतच नाही!"

* * *

बांधणीचंही सांगतो, नाहीतर म्हणाल लपवलं.

मेरठचा पत्रा जाड, पण जोडांचा डाख कच्चा. एका शनिवारी ऐन डान्सच्या मध्यात शंकरच्या बाजाचं एक बारीक कडं सुटलं, टुणटुणत स्टेजवरून खाली गेलं आणि नाचणाऱ्या जोडप्यांमधून घरंगळत हॉलच्या मध्यावर जाऊन थांबलं. एका मडमेने ते उचललं, स्टेजपाशी आली आणि अदबीने वर धरलं.

"तुमचा काही दागिना पडला."

शंकरने वाजवता वाजवता मान झुकवली, एका हाताने कडं घेतलं, खिशात टाकलं आणि ताल सोडला नाही! टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग.

सोमवारी आम्ही बाजा घेऊन चिकपेटेत शंकरच्या शेजारच्या तांबटाकडे गेलो. फ्रेडीही आला होता. तांबट आयुष्यभर घागरी आणि हंडे घडवत आलेला. त्याने कडं असं जोडलं, की बाजा मोडला तरी कडं निघायचं नाही. फ्रेडी गुपचूप बघत होता. त्याच्या बाजाला हात लावायला एकच दुरुस्तीवाला, आणि तो हातमोजे घालून!

काम झाल्यावर तांबटाने बाजाच्या तोंडातून आत डोळा लावला, मान हलवली आणि शंकरला म्हणाला, "अण्णा, आतून कल्हई करून देऊ का? ताक ठेवलं तरी कळकणार नाही!"

* * *

शंकरची बायको, सावित्रीअक्का. बाहेरच्या खोलीत शंकर आणि फ्रेडीची तालीम चाले, त्या आत सारू, म्हणजे आपलं सार, ढवळत असत. संगीताबद्दल कधी बोलल्या नाहीत. एकदा मीच डिवचलं.

"अक्का, खरं सांगा. आवाज कुणाचा चांगला?"

"फ्रेडीचा बाजा गोड आहे," त्या पळी न थांबवता म्हणाल्या. "आलेल्या पाहुण्यासारखं गोड बोलतो."

शंकरचा चेहरा पडला.

"आणि यांचा?" मी विचारलं.

"यांचा घरच्या माणसासारखा. मधेच घसा खाकरतो, पण बोलायला लागला की सगळं घर भरतं."

शंकर एवढा फुलला, की त्या दिवशी त्याने सारू तिसऱ्यांदा वाढून घेतलं. अक्का मला हळूच म्हणाल्या, "रिपोर्टर, हे छापू नका हं. डोक्यावर बसतील!"

* * *

छापण्यावरून आठवलं. आता माझ्या रागाचा किस्सा!

नाताळच्या आधीच्या एका डान्सला शंकर असा वाजला, की नाचणारे थांबून ऐकायला लागले. मी तडक ऑफिसात जाऊन बातमी लिहिली. शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं: हा स्वर मेरठला घडलेल्या बाजातून निघाला.

सकाळी पेपर उघडला. वाक्य होतं: हा स्वर पॅरिसला घडलेल्या बाजातून निघाला!

मी सबएडिटरच्या टेबलावर पेपर आपटला. "कुणी बदललं हे?"

"मी," तो शांतपणे म्हणाला. "मेरठला कात्र्या होतात. सॅक्सोफोन कुठले? तुमची लाज वाचवली, आभार माना!"

आभार! मी त्याला जे ऐकवलं ते ऐकायला खालचे कंपॉझिटर जिना चढून आले होते.

पण गंमत पुढेच. क्लबचे सेक्रेटरी होते एक रिटायर्ड कर्नल. आपलेच, पण मिशा आणि चहा दोन्ही साहेबी. त्यांनी बातमी वाचली आणि शनिवारी शंकरचा हात हातात घेतला. "मोहिते, अभिनंदन! शेवटी चांगलं वाद्य घेतलंत. फरक लगेच जाणवला."

शंकर सरळ माणूस. म्हणाला, "सर, जुनाच आहे. मेरठचा."

कर्नलनी हात सोडला. "तरीच! मला कुठंतरी पत्रा ऐकू येत होता."

* * *

इथून प्रकरण पेटलं. पुढच्याच आठवड्यात कमिटीने ठरवलं, स्टेजवर गर्दी होते, नव्या वर्षापासून टेनर एकच. आणि तो विलायती! म्हणजे शंकरची खुर्ची गेली. तो तालमीला आला नाही, आणि अक्कांनी मला निरोप धाडला, "बाजा कपाटावर ठेवलाय. माणूस जेवत नाही."

मी कर्नलच्या केबिनमध्ये घुसलो. बसा म्हणायच्या आत बसलो.

"पडद्यामागून दोन्ही बाजे वाजवू द्या. पॅरिस कुठला आणि पत्रा कुठला, ते कमिटीने नुसतं ऐकून सांगायचं. जमेल?"

"झोपेत सांगेन!" कर्नल म्हणाले. "पण मग निकाल तोच. जो पत्रा ठरेल तो बाहेर. आणि ऐनवेळी जो वाजवणार नाही, तोही बाहेर. नंतर पेपरात रडगाणं नको."

"कबूल!"

हॉलमध्ये कमिटी खुर्च्या टाकून बसली. पडदा पडला. मागे आम्ही तिघंच: शंकर, फ्रेडी आणि मी. गाणं एकच, दोघांनी एकामागून एक वाजवायचं. कोण आधी, ते आम्ही आत ठरवायचं.

शंकरचा बाजा तयार होता. फ्रेडी अजून जोडतच होता. दोस्ताविरुद्ध वाजवायचं म्हणून त्याला रात्रभर झोप नव्हती. बाजाची मान, म्हणजे माउथपीसखालची वाकडी नळी, बसवताना त्याने ती नको तिथं मुठीत आवळली, आणि वरच्या सप्तकाची नाजूक दांडी वाकली. त्याने हळूच फुंकून बघितलं. बाजातून वरचा एकही सूर निघेना, नुसती चिरकी! तो दांडी सरळ करायला गेला, ती आणखी वाकली.

"संपलो मी," फ्रेडी पुटपुटला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

शंकरने नुसतं गप्प बसायचं होतं. फ्रेडी वाजवू शकला नाही, की फ्रेडी बाहेर आणि शंकरची खुर्ची पक्की. मी शंकरकडे बघितलं. शंकर माझ्याकडे बघत होता.

"रिपोर्टर, तोंड बंद ठेवता येईल?"

"आयुष्यात कधी ठेवलं नाही. आज ठेवतो."

"फ्रेडी, डोळे पूस. मी सांगेन तेव्हा खुर्ची ओढायची आणि तुझा तो वाजवण्याआधीचा खोकला खोकायचा. बाकी काही करायचं नाही."

बाहेरून कर्नल गरजले, "नंबर एक!"

शंकरने बाजा तोंडाला लावला आणि वाजवला. असा वाजवला की मला माझा राग आठवेना!

संपल्यावर त्याने फ्रेडीला खूण केली. फ्रेडीने खुर्ची करकरत ओढली आणि खोकला.

"नंबर दोन!"

शंकरने पुन्हा तेच गाणं, त्याच लयीत, तितकंच वाजवलं.

पडद्यापलीकडे कुजबुज झाली. मग कर्नलचा आवाज आला, अगदी भाषणाचा.

"यात कठीण ते काय? नंबर एक, पॅरिस! रेशीम आहे रेशीम. घडणच वेगळी! नंबर दोन, मेरठ. मेहनत आहे, नाकारत नाही, पण सुरासुरात पत्रा. डोळ्यांपुढे भांड्यांचं दुकान उभं राहतं. काय मंडळी?"

"अगदी, अगदी!" सगळी कमिटी म्हणाली.

पायऱ्यांवर बूट वाजले. कर्नल स्वतः स्टेजवर आले, पडदा बाजूला सारला आणि फ्रेडीपुढे हात केला.

"शाबास फ्रेडी! दाखव, दाखव सगळ्यांना तो नंबर एक!"

फ्रेडीने मोडकी मान पाठीमागे लपवली.

शंकर उठला. त्याने आपला मेरठचा बाजा वर उचलून धरला.

कर्नलची मिशी थांबली.

"मग," कर्नल फ्रेडीकडे वळून म्हणाले, "नंबर दोन कुठला?"

शंकरने बाजा खाली घेतला, रुमालाने नीट पुसला, आणि पुन्हा वर उचलला.