गारठलेल्या उंदरांची ऊब

प्रयोगशाळेच्या तळमजल्यावरची उंदरांची खोली मामा एकवीस वर्षं सांभाळत होते. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. हात सरावले होते, गुडघे मात्र कुरकुरत.

यंदाचा प्रयोग आतड्याचा होता. भूल देऊन उंदराच्या आतड्याचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवायचा, मग पुन्हा सोडायचा. दुखावलेलं आतडं भरून यावं म्हणून निम्म्यांना मूळपेशी टोचायच्या, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय टोचलं, हे मामांना ठाऊक नसे. पण या प्रयोगापायी त्यांचा जीव टांगणीला लागला होता. दोन वर्षांपूर्वी गुठळीने रक्त अडलं आणि मामींचं निम्मं आतडं कापावं लागलं. उरलेलंही दुखावलेलंच. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं.

"अहो, काय म्हणतात तुमचे उंदीर?" मामी रोज विचारत. "माझ्याआधी बरे झाले ना, तर मी बोलणार नाही त्यांच्याशी."

तीन महिन्यांनी प्रयोग चालवणाऱ्या मॅडम खाली आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"मामा, काही फरकच नाही. मिठाच्या पाण्यावरचेही तेवढेच जगले. बंद करते आता हे."

शस्त्रक्रियेनंतर जो उंदीर गारठून पडे, त्याच्या पिंजऱ्याखाली मामा गरम पाण्याची पिशवी सरकवत. बघवत नसे म्हणून. गप्प राहिलं तर प्रयोग संपत होता, बोललं तर कदाचित नोकरी.

"मॅडम, ते माझ्यामुळे जगले असतील," म्हणत त्यांनी सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी कपाळ धरलं. "अहो मामा, एकदा विचारायचं तरी! कुठल्या पिंजऱ्यांना दिली पिशवी?"

"गार कोण पडलाय तेवढंच बघायचो. नंबर कोण बघतंय?"

मग त्या उठल्या. "पहिल्यापासून करू. आणखी तीन महिने. ऊब द्यायची ती सगळ्यांना सारखी. एकालाही जास्त नाही. जमेल?"

"जमवतो."

"अजून तीन महिने?" घरी मामी म्हणाल्या. "बरं. मी कुठे पळून चाललेय?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

नव्या तुकडीतला नऊ नंबरचा उंदीर दुसऱ्याच दिवशी मलूल झाला. जादा पिशवी न देता मामा पिंजऱ्यासमोर बसून राहिले. दुपारपर्यंत त्याचा श्वास मंदावला. हा मिठाच्या पाण्यावरचाच असू दे, म्हणजे फरक दिसेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना त्या उंदराकडे बघवेना.