जिनातली खाज आणि देवीचं तीर्थ

देवी आपल्यावर कोपली आहे की आपली परीक्षा पाहते आहे, हे मला त्या दिवसांत कळेनासं झालं होतं. दुष्काळात आम्ही नवरा-बायको लहानग्या सुमीला घेऊन माणदेश सोडून कारंज्याच्या एका जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला आलो होतो. माझी शाळा चौथीतच सुटलेली. इथली बोली नवी, ओळखीचं कोणी नाही. आणि एका सकाळी सुमीच्या अंगावर फोड दिसले. मनगटावर, कमरेभोवती, पावलांवर, पाण्यानं तट्ट भरलेले, काही तर द्राक्षाएवढे.

घरमालकीण वेणूमावशीनं दारातूनच हात जोडले. "देवी आली वं माय तुह्या घरी," ती म्हणाली. "आता दवाई-गिवाई काही करू नको. कोपली तर लेकरू घेऊन जाते ते." देवीच्या रोगाची तेव्हा धास्तीच होती. मावशीनं दाराला कडुनिंबाचा डहाळा खोचला. घरात फोडणी बंद, कपडे धुणं बंद, सुमीनं उंबरा ओलांडायचा नाही. मी सगळं पाळलं. तरी फोड वाढतच गेले आणि पोर अंग ओरबाडायची, अंधार पडला की जास्तच. खाज तर मलाही होती, पण जिनात कोणाला नव्हती? कापसाच्या रुईचं तूस अंगाला चिकटलं की खाजणारच, असं सगळ्या बाया म्हणायच्या. त्यामुळे माझी खाज आणि पोरीचे फोड यांचा काही संबंध असेल, हे मनातसुद्धा आलं नाही.

सुमीच्या अंगावर शिंपडायला मी रोज देवळातून तीर्थ आणायची. एका मंगळवारी तीर्थासाठी हात पुढे केला, तर शेजारच्या अनोळखी बाईनं माझं मनगटच धरलं. सरकारी दवाखान्यात नुकत्याच बदलून आलेल्या त्या डॉक्टरीणबाई, देवीची ओटी भरायला आल्या होत्या. बोटांच्या बेचक्यात हे पुरळ कधीपासून, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तूस आहे. घरात आणखी कोणाला खाज आहे का, असं विचारल्यावर मात्र मी सगळं सांगून टाकलं. त्या तशाच माझ्याबरोबर घरी आल्या.

त्यांनी सुमीचं कपाळ पाहिलं, तळवे पाहिले. ताप आला होता का? नव्हता. तोंडावर एकही फोड नव्हता. मग तिच्या बोटांमधल्या बारीक, वाकड्या रेघा त्यांनी मला दाखवल्या. तशाच माझ्याही बोटांत होत्या. "देवीत आधी ताप येतो, तोंड फोडांनी भरतं. ही देवी नाही, खरूज आहे," त्या म्हणाल्या. "खरजेत असे मोठे फोड क्वचित येतात. नुसती पोरगी पाहिली असती तर मीही फसले असते." खात्रीसाठी रेघेतला कण सुईनं काढून त्यांनी दवाखान्यात भिंगाखाली पाहिला. त्यात खरजेचा किडा होता. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, गळ्यापासून पायापर्यंत लावायचं, कपडे-अंथरूण उकळायचं, असं बजावून त्यांनी बाटली दिली.

बाटली हातात, पण हात धजेना. मावशी म्हणाली, "तू परमुलखाची, तुले आमची देवी काय माहीत?" ह्यांनी माझ्यावरच सोपवलं. डॉक्टरीणबाई चुकल्या असतील तर? एकुलती एक पोर. शेवटी सुमीला मांडीवर घेतलं आणि मनात म्हटलं, आई, मला अक्कल नाही. चूक असेल तर माझ्यावर काढ, लेकरू मी तुझ्या ओटीत घातलं. आणि औषध लावलं. ते झोंबलं तशी पोर किंचाळली. पुढे कितीतरी वेळा मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला असेल.

ताप आला नाही. फोड हळूहळू सुकले, पोर शांत झोपू लागली. मग एक दिवस वेणूमावशी बाह्या सरकवून माझ्यापुढे येऊन बसली. "मले बी लाव थोडं. मी बी कवाची खाजवून राह्यली, सांगू कोणाले?" त्या गावात आल्यापासून मी पहिल्यांदा हसले.

डॉक्टरीणबाई पुढे बदलून गेल्या. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. कोणी याला योगायोग म्हणतं, मी वाद घालत नाही. लेकरू देवीवर सोपवलं, की ते कोणत्या वाटेनं वाचवायचं हे तिला आपण सांगू नये, एवढं मी शिकले. औषध मागायला मी गेलेच नव्हते. मी तीर्थाला गेले होते, आईनं दोन्ही दिलं.