खांबाजवळची स्वच्छ जागा

अमळनेरच्या प्लॅटफॉर्मवर मला पोचवायला सात माणसं आली होती आणि त्यांतल्या एकालाही मी नक्की काय शिकायला चालले आहे हे धड माहीत नव्हतं. शेजारच्या जिभाऊंनी विचारलं तेव्हा वडील अभिमानानं म्हणाले, "एम. ई. अप्लाइड मेकॅनिक्स." जिभाऊ विचारात पडले. मग म्हणाले, अजून अप्लायच केलंय का? मग अर्ज मंजूर होऊ द्यायचा होता, एवढी घाई कशाला? त्यांच्या बायकोनं 'मेकॅनिक' तेवढं उचललं आणि माझ्या हातांकडे अशा काही किवेनं पाहिलं, जणू उद्यापासून मी ट्रकखाली पडून ग्रीस पुसणार आहे. वडील शाळामास्तर. त्यांनी समजावून सांगायला घसा खाकरला, तेवढ्यात सुरत पॅसेंजर आली आणि सगळे वाचले. खिडकीच्या गजांतून दशम्यांचा डबा देताना आई म्हणाली, "मामाकडे नाक मुरडू नको. तुझं नाक तोंडाआधी बोलतं."

सुरतेत प्लेग येऊन गेला त्याच्या पुढल्या वर्षीची ही गोष्ट. आदल्या वर्षी याच गाडीनं आपली माणसं गाठोडी घेऊन पळत गावी आली होती. मी उलटी चालले होते, आणि त्याचा मला फार गर्व होता.

परवा सुरतेतल्या तुमच्या खान्देशी मंडळाचे दोन कार्यकर्ते घरी आले. स्मरणिकेसाठी काहीतरी प्रेरणादायी लिहून द्या म्हणाले. खान्देशातून आलेली पहिली मुलगी, यंत्रमागाच्या वस्तीत राहून मास्टर्स केलं, वगैरे. दरवर्षी ज्यांना शाल-श्रीफळ मिळतं त्यांचे लेख मी वाचते. सगळ्यांनी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केलेला असतो आणि सगळ्यांना गावच्या मातीचा वास येत असतो. ज्यांना इतका वास येतो ते सुट्टीत गावी न जाता दमणला का जातात, हे कुणी लिहीत नाही. गावी राहिलेलेही कमी नाहीत. आम्ही आलो की आमच्या गाडीचा नंबर बघतात आणि पाठ फिरली की आम्हाला 'सुरती' म्हणतात. मीही त्यातलीच आहे, म्हणून जे झालं तेवढंच लिहिते. प्रेरणा ज्याची त्यानं शोधावी.

होस्टेलमध्ये खोली मिळेपर्यंत मी सुरतेत नवागामला मामाकडे राहिले. एक खोली, वर पत्रा, आत मामा, मामी आणि दोन मुलं. पहिल्या दिवशी जेवायला बसायच्या आधी मी खाली जमीन कशी आहे ते पाहिलं. नुसतं पाहिलं, बोलले काही नाही. मामी उठली, ट्रंकेमागची सतरंजी काढली आणि माझ्यापुरती पसरली. बाकीचे जमिनीवरच बसले. त्या दिवसापासून माझं पान सतरंजीवर वाढलं जाऊ लागलं आणि मला ते वावगं वाटलं नाही.

मामा एका लूमच्या कारखान्यात मास्टर होता, म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारा. शिक्षण चौथी. मास्टर तोही आणि मास्टर्स करणारी मी, यावरून गल्लीत विनोद चालायचे. आमच्या घरात वडिलांनी अहिराणीला बंदी केली होती, त्यामुळे मला ती कळायची पण बोलायची लाज वाटायची. गल्लीतल्या बायकांना त्याचं काही नव्हतं. जिभाऊंचा शोध माझ्याआधीच तिथं पोचला होता. नळावर रोज कुणी ना कुणी विचारायचीच, "अर्जनं काय व्हयनं वं माय?" सुरुवातीला मी समजावून सांगितलं. नंतर म्हणायला लागले, अजून काही कळलं नाही.

कॉलेजात वेगळी तऱ्हा. वर्गात मी एकटी मुलगी. बाकीचे सगळे नोकरी लागेपर्यंत वेळ काढायला आलेले. आमचे गाइड मोठे विद्वान होते. कंपनांवर तीन फळे भरून गणित मांडायचे, आणि ज्या शहरात अख्ख्या वस्त्या मागांच्या धक्क्यांनी हलतात तिथल्या एकाही कारखान्यात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी प्रबंधाचा विषय सुचवला, यंत्रमागांमुळे इमारतीच्या मजल्याला बसणारे हादरे. सर म्हणाले, "बहु सरस," आणि पुन्हा कधी त्याबद्दल विचारलं नाही.

त्याच सुमारास मामाच्या शेठनं वरच्या मजल्यावर मागांची आणखी एक ओळ बसवली. मामा कारखान्यात अनवाणीच वावरायचा. एके दिवशी घरी आला, पाय धुतले आणि म्हणाला, "हाऊ माळा आते बोली राह्यना." मजला बोलतो म्हणजे काय ते मी विचारलं. त्याला नीट सांगता येईना. पूर्वी पायाला मागांचा ठोका लागायचा, आता ठोका संपल्यावरही खालून काहीतरी येत राहतं, एवढंच. "पाय सांगस माले," म्हणाला. मी हसले. चांगली मोठ्यानं हसले.

मामा शेठकडे गेला आणि नवी ओळ खाली घ्या म्हणाला. शेठ म्हणाला, कुणी शिकलेला माणूस सांगेल तर घेतो. मामाची छाती फुगली. माझी भाची इंजिनिअर आहे, ती मोजून सांगेल, असं तो चार माणसांत म्हणून आला. मलाही प्रबंधाला आकडे हवेच होते. कॉलेजातून कंपनं मोजायचं यंत्र सही करून आणलं आणि ठरल्या दिवशी सगळे माग चालू असताना मी वर गेले.

तो मजला तुम्ही पाहिलेला नाही. मधल्या बोळात तेल, सुताचा चुरा, तंबाखूच्या पिचकाऱ्या. यंत्राचा जो भाग जमिनीला चिकटवायचा तो डबीएवढा, आणि तो ठेवायला खाली गुडघे टेकावे लागतात. माझा पांढरा दुपट्टा होता. भिंतीकडच्या खांबाजवळ हातभर स्वच्छ, कोरडी जागा होती. मी यंत्र तिथं लावलं, आकडे उतरवले आणि नाकाला रुमाल लावून खाली आले. मामा बोळाच्या मधोमध तेलात अनवाणी उभा राहून बघत होता.

आकडे नियमात बसत होते. मी एका कागदावर इंग्रजीत लिहून दिलं की मजला सुरक्षित आहे, खाली ऐटीत सही केली. शेठनं तो कागद सगळ्या कामगारांना दाखवला. मामा म्हणाला, भाचीचं बरोबर असेल, माझेच पाय खोटे असतील, पण मी वर चढणार नाही. मग घरी बस, शेठ म्हणाला. सोळा वर्षांचं काम असं एका कागदावर गेलं. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग आला. अडाण्याला आकडे दाखवून उपयोग काय, असं मी मामीला ऐकवलं. ती भाकरी थापत राहिली.

तीन आठवड्यांनी, एव्हाना मिळालेल्या होस्टेलच्या खोलीत, प्रबंधासाठी मजल्याचा नकाशा काढत होते. यंत्र कुठं लावलं ते फुलीनं दाखवायचं असतं. मी खांबाजवळ फुली काढली आणि पेन्सिल तशीच राहिली. नाल्यावर टाकलेली फळी मधोमध लवते, टोकाला लवत नाही. शेळीलासुद्धा हे कळतं, ती फळीवरून जाताना मध्ये बिचकते. आम्हाला तर पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मी मजल्याच्या टोकाला बसून मजला हलत नाही असं लिहून दिलं होतं, कारण मध्ये घाण होती. आईनं स्टेशनवर सांगितलेलं नाक, दुसरं काही नाही.

मी शेठकडे गेले. चूक झाली, पुन्हा मोजू द्या, मामाला परत घ्या म्हणाले. त्यानं मला चहा दिला आणि ड्रॉवरमधून तोच कागद काढून समोर ठेवला. "बेन, कागळ तो तमारो ज छे ने?" म्हणाला. मी चहा प्यायले आणि परत आले. मामाला सांगायचं धाडस मात्र झालं नाही. तोवर तो पलसाण्याच्या एका डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, लागला होता. तिथं जमिनीवर सदा रंगाचं पाणी, म्हणून गमबूट घालून काम. त्या बुटांतून पायाला काय कळणार?

पावसाळ्यानंतर त्या मजल्याची तुळई मधोमध तडकली. कुणाला इजा झाली नाही. शेठनं एका रविवारी ती ओळ गुपचूप खाली आणली. मामाला बोलावलं नाही, कारण बोलावलं असतं तर तो बरोबर होता असं म्हणावं लागलं असतं.

आणि मी? मी प्रबंधात फुली जिथली तिथं ठेवली, शेवटी मोघम चार वाक्यं लिहिली. सरांनी विचारलं नाही, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तर तो नकाशा उघडलाही नाही. फर्स्ट क्लास मिळाला. याच पदवीबद्दल तुम्ही मला नारळ देता.

निकालाच्या दिवशी मामानं गल्लीत पेढे वाटले. घरोघर सांगत फिरला, "भाचीना अर्ज मंजूर व्हयना." तो परत आला तेव्हा मी दारातच त्याला सगळं सांगून टाकलं, खांब, घाण, दुपट्टा. मला वाटलं, आता तरी चिडेल. त्यानं पेढ्याचा रिकामा डबा कोनाड्यात ठेवला.

"माले तव्हयच दिखनं," म्हणाला. "चार लोकस्मा भाचीले काय सांगू?"

यंत्र चुकीच्या जागी लागतंय हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. नोकरी गेली तरी चालेल, पण भाचीला लोकांसमोर खोटं पाडायचं नाही, हा हिशेब त्यानं तेलात उभ्याउभ्या केला होता. मी त्याला अडाणी म्हणाले होते.

आता मी सुरतेतच अडाजणला राहते, पोरांना मेकॅनिक्स शिकवते, आणि पहिल्याच तासाला फळीच्या मधोमध उभं करते. आईवडील गेल्यापासून अमळनेरचं घर बंद आहे. तिथं गेलं की जिभाऊंची सून मला पाहुणी म्हणून चहा देते. घर म्हणावं अशी नवागामची ती एक खोलीच उरली आहे. दर महिन्याला जाते. अहिराणी आता बोलते, मोडकीतोडकी. मामीचे गुडघे गेलेत, तरी मी आले की ती भिंतीला धरून उठते आणि ट्रंकेमागून सतरंजी काढते. मी म्हणते, राहू दे मामी, मी खालीच बसते. "खाले नको बठू, माय," ती म्हणते, आणि पसरतेच. मामा, मुलं, सुना, नातवंडं सगळी जमिनीवर बसतात आणि मी एकटी सतरंजीवर.

सतरंजी पसरायची ज्या दिवशी मामी विसरेल त्या दिवशी मी घरी पोचेन. अर्ज केलेला आहे.