पोवळ्यांची माळ

सॅनिटायझरचा वास आला की अजून माझी मूठ आवळते. दहाएक वर्षांपूर्वी सिंगापुरात, नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात, ऑपरेशनआधी नर्सने लेकीच्या मनगटावरचा काळा दोरा सोडून माझ्या हातात दिला. लेक रडवेली झाली, म्हणून मी समोरच्या भिंतीवरचं जुनं इंग्रजी चित्र दाखवलं: रेशमी झग्यातली उमरावाची मुलगी, गळ्यात पोवळ्यांची माळ. "तिलाही दृष्ट लागू नये म्हणून घातलीय," मी म्हटलं. "देन शी ग्रू अप ओके, राइट?" लेकीने विचारलं. चित्राखाली जन्म-मृत्यूची सालं छापलेली, मधे जेमतेम सहा वर्षं. आणि लेकीला वाचता येत होतं. मी उठले, त्या ओळीला पाठ लावून उभी राहिले, तिला आत नेईपर्यंत. आता ती माझ्याहून उंच झालीय. काही झाकायला माझी पाठ पुरत नाही.