जमिनीवरून उठायची माझी रीत

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी स्वयंपाकघरात मेथी निवडायला खाली बसले आणि मला परत उठता येईना. पडले नाही, काही मोडलं नाही. भाजी निवडून झाली, ताट बाजूला सारलं, उठायला गेले तर गुडघे ऐकेनात. थोडं थांबून पुन्हा जोर केला. परत तेच. मग भिंतीला पाठ लावून बसून राहिले.

घाबरले नाही. बसायची मला सवय आहे. चौथीत शाळा सुटली, आणि पुढं साठी उलटेपर्यंत मी निपाणीत बिड्या वळल्या. मांडी घालायची, मांडीवर सूप घ्यायचं, मान खाली घालायची, आणि मान वर केली की दिवस संपलेला असायचा. दुसऱ्या कुणाला जमिनीवर अडकून पडायचं भय वाटेल. मला ती जागा ओळखीची होती.

दारातून ऊन आत आलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. आमच्या बिडीच्या शेडमध्ये अशीच धूळ तरंगायची, तंबाखूची, पिवळसर. ऊन पट्ट्यापट्ट्यांनी खाली उतरायचं आणि त्या पट्ट्यात ज्या बाईचं डोकं येईल ती म्हातारी दिसायची, पट्टा सरकला की पुन्हा तरणी. मी बघत राहिले. बघता बघता माझ्या दोन्ही बाजूंना बायका येऊन बसल्या. झोप होती की जाग, सांगता येत नाही. कुणी बोलत नव्हतं. पान कापणाऱ्या कात्र्यांचा तेवढा आवाज येत होता, लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. माझ्या शेजारी बसली होती ती बाई मरून कितीतरी वर्षं झाली. ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "उठू नगं गं अजून. हजार झाल्या न्हाईत."

मी खाली बघितलं. माझ्या मांडीवर पान नव्हतं, तंबाखू नव्हती, दोरा नव्हता. बोटं मात्र वळत होती.

ऊन भिंतीवर चढून गेलं तेव्हा शेजारीण भांडं परत द्यायला आली. ती बोरगावची, जैनांची, घरात कानडी बोलते आणि मला आक्का म्हणते.

"आक्का, हितं काय करालाय?"

"बसलीया निवांत."

"दुपारी हाक मारली तर ओ न्हाय दिला. ऐकू न्हाय आलं?"

"आलं की."

"मग?"

"मग काय. उठाया येईना."

तिनं काखेत हात घालून मला उभं केलं. बाराला बसलेली मी, पाच वाजून गेले होते. पोराला सांगू नकोस म्हणून मी तिला बजावलं. तिनं मान डोलावली, घरी गेली आणि पहिला फोन त्यालाच केला.

मुलगा बेळगावला असतो, नोकरीवर. तिसऱ्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे, सून चांगली आहे. रविवारी तो आला. किती वेळ अडकलीस, म्हणून त्यानं विचारलं. अर्धा तास, मी म्हणाले.

"आता बास, आई. चल बेळगावला."

"तिथं काय करू?"

"काय करायचं न्हाय. बसायचं."

"बसूनच तर हे झालंय."

तो हसला नाही. मग म्हणाला, "दिवाळीपतोर बघतो. जमिनीवरनं कुणाचा हात न धरता उठून दाखव. न्हाय जमलं तर घराला कुलूप."

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मीही हेच केलं असतं. पण त्या घरात मला राहायचं नव्हतं. तिथं खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. इथं माझं दार आहे, दारात दगड आहे. सकाळी त्या दगडावर बसलं की हायवेवरच्या गाड्यांचा आवाज येतो आणि तंबाखूचे दिवस असले की वखारींवरून वास येतो. तो वास कुणाला आवडत नाही. मला त्यानंच जाग येते.

म्हणून मी दवाखान्यात गेले. तिथं व्यायाम शिकवणारी एक मुलगी बसते. तिच्या खोलीत भिंतीवर चित्र होतं, खाली कानडीत लिहिलेलं. चित्रात एक बाई खुर्चीवरून उठत होती, काठीसारखी सरळ. मुलीनं मला भिंतीला टेकून उभं राहायला सांगितलं. माझी पाठ टेकली, डोकं काही भिंतीपर्यंत पोचेना.

"आजी, सरळ उभं राव्हा."

"हेच सरळ."

तिनं गुडघे दाबून बघितले आणि सांगितलं, खुर्चीवर बसायचं, उठायचं. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. मला नीट कळावं म्हणून कानडीतही सांगितलं, "हत्तु सल. अष्टे." दहा वेळा, बास.

मला दोन्ही भाषांत कळलं होतं. पण दहा हा आकडा माझ्या मनाला पटेना. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा असतो. पंचविसाच्या खाली आमच्यात मोजतच नाहीत. दहा बिड्या वळून कुणी हात झटकले असते तर बायकांनी तिला महिनाभर राणीसाहेब म्हटलं असतं. म्हणून मी घरी आल्यावर स्वतःच ठरवलं, सकाळी चार कट्टे. शंभर.

तेवढ्यावरही भागलं नाही. आम्ही बिड्या वळून दिल्या की तपासणारा बसायचा. वाकडी, सैल, तोंड नीट न दुमडलेली बिडी तो बोटानं बाजूला सारायचा. त्याला छाट म्हणतात. छाट मोजणीत धरत नाहीत. मी कपाटाच्या आरशासमोर खुर्ची मांडली आणि उठायला लागले. खुर्चीला हात लागला, छाट. मान पुढं गेली, छाट. पाठ वाकली, छाट. आणि माझी पाठ तर वाकलेलीच आहे. कधी कधी पंचवीसच्या पंचवीस छाट निघायच्या आणि मी पुन्हा एकपासून धरायची. वळणारी मीच आणि तपासणारीही मीच. खरा तपासणारासुद्धा इतका कडक नव्हता. त्याला जेवायला घरी जायचं असायचं.

सहाव्या दिवशी उजवा गुडघा सुजून कवठाएवढा झाला. पुन्हा दवाखाना.

"किती वेळा केलं?" मुलीनं विचारलं.

"चार कट्टे."

"म्हंजे?"

"शंभर. छाट सोडून."

मग तिला कट्टा म्हणजे काय, छाट म्हणजे काय ते सांगावं लागलं. ती आधी हसली. मग हसायची थांबली. "आजी, तुम्हाला छाट काढायला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगाय लागतंय व्हय?"

तिनं पट्टी बांधली आणि पंधरा दिवस पडून राहायला सांगितलं.

ते पंधरा दिवस कुठं सुरू झाले आणि कुठं संपले ते मला वेगळं काढता येत नाही. दारातल्या खाटेवर पडलेली असायची. शेजारीण दोन वेळा भाकरी ठेवून जायची. डोळा लागायचा, उघडायचा, बाहेर तेच ऊन असायचं नाहीतर ढग आलेले असायचे. माझे पाय खाटेवर समोर पसरलेले असायचे आणि ते दुसऱ्या कुणाचे तरी आहेत, कुणी तरी ठेवून गेलंय, असं वाटायचं. इतक्या वर्षांत मी ते नीट बघितलेच नव्हते. दोन्ही घोट्यांच्या बाहेरच्या बाजूला काळे, जाड घट्टे आहेत, मांडी घालून घालून पडलेले. बोट लावलं तर तिथं काही लागत नाही. उजव्या अंगठ्याचं नख एका बाजूला झिजलंय. एका दुपारी मला वाटलं, आपण या पायांना कधी बरं म्हटलं नाही आणि वाईटही म्हटलं नाही. फक्त काम सांगितलं. आता म्हातारपणी आरशासमोर उभं करून त्यांना वाकडं म्हणायला लागलोय.

त्याच दुपारी पुन्हा शेड दिसली. दिवस संपलेला, बायका उठायला लागलेल्या. पन्नास-साठ जणी. मी पडल्या पडल्या एकेकीला उठताना बघत होते आणि त्यातली एकही त्या चित्रातल्या बाईसारखी उठत नव्हती. सूप बाजूला ठेवायचं. एका कुशीवर वळायचं. दोन्ही तळवे जमिनीवर, मग गुडघे, गुरासारखं चार पायांवर. मग एक पाऊल पुढं रोवायचं, त्या गुडघ्यावर हात दाबायचा आणि आधी कंबर वर, मग बाकीचं. धुळीत सगळीकडं पाठी वर येत होत्या, तळ्यातून म्हशी निघाव्या तशा, सावकाश, एकामागं एक. "वासरू उठलं गं!" कुणीतरी कुणाला तरी म्हणायचं, आणि म्हणणारीही तशीच उठलेली असायची.

मी पण अशीच उठायची. पन्नासेक वर्षं. मग सोडलं कधी?

आठवायला फार वेळ लागला नाही. मुलाच्या नव्या घरची वास्तुशांत होती. जेवणं झाल्यावर मी अशीच उठले आणि सुनेच्या माहेरची एक बाई म्हणाली, "अगंबाई, ह्या अशा काय उठतात!" वाईट मनानं नाही म्हणाली. पण मुलाचं तोंड पडलेलं मी बघितलं. तेव्हापासून चारचौघांत तशी उठले नाही. हळूहळू घरात एकटी असतानाही नाही. भिंत धरायची, कपाट धरायचं, कळ सोसायची, पण सरळ उठायचं. आणि त्या दुपारी तेही जमलं नाही.

सूज उतरल्यावर मी मुलीसमोर दवाखान्याच्या फरशीवर बसले आणि तशी उठून दाखवली. तिनं दोनदा करायला लावलं. तळव्याखाली पंच्याची घडी घ्या म्हणाली, पुढं डावा पाय टाका म्हणाली, कारण उजवा गुडघा जास्त खराब आहे. बाकी काही बदललं नाही.

"आजी, हे बरोबर हाय. असंच उठा."

"आन ते चित्र?"

"ते ऱ्हाऊ द्या. ती बाई खाली बसतच न्हाय."

"किती येळा करू?"

तिनं दोन्ही हातांची बोटं माझ्या नाकासमोर धरली.

दहावर थांबणं मला उठण्यापेक्षा अवघड गेलं. रोज चोरी केल्यासारखं वाटायचं. पण थांबले. गुडघा बरा झाल्यावर सकाळी शाळेच्या मैदानाला एक फेरी घालायला लागले. पावसाळा सरताना तिथं धुकं पडतं. शाळा दिसत नाही, कुंपण दिसत नाही, आपली पावलंही पुसट दिसतात. त्या धुक्यात मी वाकलेली आहे की सरळ, हे मलाही कळायचं नाही. मैदान मोठं होत जायचं, मी चालत राहायची, आणि एकदम दगडी पायरी समोर यायची तेव्हा फेरी संपलेली असायची. पाठ काही सरळ झाली नाही. होणारही नाही. गुडघे आजही सकाळी कुरकुरतात.

दिवाळीत मुलगा एकटाच पुढं आला, सून-पोरं मागून येणार होती. चहासुद्धा घेतला नाही. गाडीची किल्ली हातात धरून म्हणाला, "दाखव."

मी मधल्या खोलीत मांडी घालून बसले. कुशीवर वळले, तळवे टेकले, गुडघ्यांवर आले. त्यानं मान फिरवली.

"असं न्हवं, आई."

"मग कसं?"

"सरळ."

"सरळ उठणारी आई पायजे आसंल तर दुसरी बघ. ही अशी उठती."

पाऊल रोवलं, हात दाबला, कंबर वर घेतली आणि उभी राहिले. थोडी धाप लागली, ती लपवली नाही. एवढं झाल्यावर बाकीचंही सांगून टाकावं वाटलं.

"आन त्या दिवशी अर्धा तास न्हवतं. पाच तास बसलेली."

त्यानं किल्ली खिशात घातली आणि खुर्चीवर बसला.

"घरात कुठंबी उठती आता मी. न्हाणीत न्हाय जमत. वली फरशी हाय, तळवे सरकतात. तिथं भिंतीला दांडी पायजे."

"हे आदी का न्हाय बोललीस?"

"मीच छाट निघाली आसती."

त्याला छाट माहीत आहे. लहानपणी शेडमध्ये माझ्या सुपाशेजारी झोपायचा. त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि फोन काढून कुणाला तरी उद्या यायला सांगितलं. कुलपाचा विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी बसवणारा माणूस स्टीलची दांडी आणि ड्रिल घेऊन आला. कानावर पेन्सिल. न्हाणीच्या भिंतीवर छातीच्या उंचीला हात ठेवून म्हणाला, "हितं मारतो. सगळ्यांच्यात एवढ्यावरच बसवतोय."

मी कोरड्या फरशीवर बसले, हात लांब केला आणि भिंतीवर मूठ ठेवली. "हितं."

"लई खाली हुतंय, आजी. दिसाय बरं न्हाय दिसणार."

"मला बघत बसायचं न्हाय. धरायचं हाय."

तो माझ्या मुलाकडं बघायला लागला. पोरानं त्याच्या कानावरची पेन्सिल काढली, खाली वाकला आणि माझ्या मुठीला लागून भिंतीवर रेघ मारली.