वाम माझी होती

गंगाखेडला गोदावरीच्या काठी मासे विकणाऱ्या मावशीकडं मी मरळ घ्यायला गेले होते. तिच्या घमेल्यात मेलेल्या माशांखाली करंगळीएवढी एक वाम वळवळत होती. सापासारखी लांबुळकी, टोकदार नाकाची, अंगावर पिवळट ठिपके. एवढीशी कोण खाणार म्हणून मावशीनं ती तशीच माझ्या डब्यात टाकली. घरी काचेची टाकी रिकामीच पडली होती. मी तिच्या तळाला नदीची वाळू पसरली आणि वामेला आत सोडलं.

दिवसभर ती वाळूत रुतून बसायची, नाक तेवढं बाहेर. मी टाकीपाशी गेले की अंग काढून वर यायची आणि माझ्या हातातलं गांडूळ घ्यायची. नवऱ्याला तिची किळस होती, तो तिकडं फिरकायचा नाही. मला ते बरंच वाटायचं. वितीपेक्षा मोठी झाली तरी ती माझी एकटीची होती.

मग धाकटी नणंद आमच्याकडं राहायला आली. गावातल्या एका दवाखान्यात ती नर्स म्हणून लागली होती. ड्युटीवरून आली की चप्पल काढून थेट टाकीपाशी. तिनं वामेला नावही दिलं. मला इतक्या दिवसांत ते सुचलंच नव्हतं. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते तिचं आहे.

काचेवर टिचकी मारून तिनं हाक दिली की वाम वर यायची. मग मी नणंद यायच्या आधीच वामेला पोटभर गांडुळं घालायला लागले. तरी ती वर आलीच. भूक नव्हती, नणंदेच्या बोटांना नुसतं अंग लावून पडून राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारातून ते बघितलं आणि आत जाऊन विनाकारण भांडी घासत बसले. पुढं पुढं शेजारणीही ‘नणंदेची वाम’ म्हणायला लागल्या.

उन्हाळ्यात एका दुपारी मी घरात एकटी होते. लाइट गेली, टाकीत हवा सोडणारी मोटर बंद पडली. थोड्या वेळानं बघते तर टाकीवरची जाळी एका कोपऱ्यातून सरकलेली आणि वाम आत नाही. कूलरखाली पाणी ठिबकून ओल झाली होती, तिथं ती सापडली, अंगभर धूळ चिकटलेली. पाण्यात सोडली तर कुशीवर वळून तळाला गेली ती हललीच नाही.

नणंदेचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. मी फोन केला नाही. वामेला बाहेर काढून ओल्या फडक्यावर मांडीत घेतलं आणि संध्याकाळपर्यंत तशीच बसले.

नणंद आली आणि हमसून हमसून रडली. शेजारणी तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या. नवरासुद्धा तिच्यासाठी रसवंतीतून थंडगार रस घेऊन आला. मला कुणी काही विचारलं नाही. शेवटी तिनंच विचारलं,

“वहिनी, तुमी रडल्या न्हाईत?”

“तू यायच्या आधी रडले.”

“मग मला फोन का न्हाई केला?”

“तेवढा वेळ ती माझी होती.”

परसात जास्वंदीखाली आम्ही दोघींनी वामेला पुरलं. त्यानंतर कितीतरी दिवस नणंद माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

एका रविवारी भाजी निवडताना तिनं वाम कुठून आणली होती ते विचारलं. मी मावशीचं सांगितलं, घमेल्याचं, डब्याचं, वाळूचं सांगितलं. तिनं शेंगा बाजूला ठेवून सगळं ऐकलं. पहिल्यांदा गांडूळ घेताना वामेनं माझं बोटही तोंडात धरलं होतं आणि चटकन सोडलं नव्हतं, एवढं मात्र मी तिला सांगितलं नाही.