छत्तीसपैकी अकरा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे कोणी दचकायला नको. आठवडाभर हडपसरला ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या चुका निस्तरते आणि सुट्टीच्या दिवशी मांजरी गावातल्या घरी बसून हौसेने आणखी चुका निस्तरते. ही हौस म्हणजे इम्युलेटर. नव्या लॅपटॉपला चाळीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम. जगभरातली पाच-पन्नास रिकामटेकडी माणसं तो फुकट लिहितात, फुकट वाटतात आणि फुकट भांडतात. जुन्या फ्लॉपी ड्राइव्हचा खर्रर्र आवाज नेमका किती वेळ यायचा, यावरून आमच्यातले दोघे दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हते. त्यातली एक मी. नवरा या सगळ्याला 'गाडलेली मढी उकरणं' म्हणतो. म्हणू दे. मी त्याच्या क्रिकेटबद्दल काही बोलते का? बोलते, पण तो विषय वेगळा.

इम्युलेटर कसा बसवायचा, कुठल्या सेटिंगने काय होतं, हे मी एकदा मराठीत लिहून टाकलं होतं. कुत्रं विचारणार नाही अशी खात्री होती. तर एका आठवड्यात शनिवार पेठेतून ईमेल आली: 'आपल्या सॉफ्टवेअरमध्ये दोष आहेत. समक्ष दाखवता येतील. रविवारी सकाळी नऊ ते अकरा. चहा मिळेल.' डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, दाखवतेच आता दोष.

दुसऱ्या मजल्यावरचं स्वच्छ, नीटनेटकं घर. दार उघडलं त्या काकांचं वय ऐंशीच्या पुढे, पण चेहरा असा की मीच उशिरा आलेली विद्यार्थिनी. घरात ते आणि त्यांची मुलगी, दोघंच. मुलगी म्हणजे कॉलेजात शिकवणारी, पन्नाशी उलटलेली बाई. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकांनी तरुणपणी नोकरी सांभाळून याच खोलीत वधूवर सूचक मंडळ चालवलं होतं. टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर तेव्हा नुकताच मिळायला लागला होता. तो त्यांनी आणला, पुस्तकात बघून प्रोग्रामिंग शिकले आणि पत्रिका जुळवायचा प्रोग्राम स्वतः लिहिला. मुलामुलीची जन्मवेळ टाकायची, छत्तीसपैकी गुण किती ते यंत्र सांगणार. अठराच्या वर आले तर बोलणी पुढे, खाली आले तर नारळ. ते यंत्र पुढे जळलं. फ्लॉप्या मात्र काकांनी लोणच्याच्या बरणीसारख्या जपल्या होत्या. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्लॉपी घालायची कुठे, हा त्यांनी काढलेला पहिला दोष. त्या मी घरी नेऊन, बुरशी पुसून, कशाबशा वाचून घेतल्या आणि पुढच्या रविवारी त्यांचा प्रोग्राम माझ्या इम्युलेटरवर चालत होता.

"आता काय दोष आहे, काका?"

"उत्तर लगेच येतं."

"मग चांगलंच आहे की!"

"अहो बाई, चार मिनिटं लागायची. तेवढ्यात आतून पोहे यायचे. मुलाचे वडील खायचे, घाम पुसायचे, देवाचं नाव घ्यायचे. आता इकडे बटण दाबलं आणि तिकडे उत्तर. कोण विश्वास ठेवेल?"

मी कपाळाला हात लावला. पण सेटिंगच्या फाइलमध्ये जाऊन वेग जुन्याइतका केला. मग चार मिनिटं आम्ही दोघं काही न बोलता पडद्याकडे बघत बसलो. काका समाधानाने म्हणाले, "हां. आता विचार करतंय."

एवढ्यावर ते सोडतील तर ते पेठेतले कसले! निकालाच्या छापील पट्ट्या त्यांनी बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या होत्या. एकेक पट्टी बोटभर. शाई वाया जाऊ नये म्हणून प्रोग्राम फक्त दोन नावं आणि गुण छापायचा, तारीख-वेळ काही नाही. "ज्याची त्याला आपली जन्मतारीख माहीत असते, छापायची कशाला?" असा हिशेब. तर आता दर रविवारी एकेक पट्टी काढायची, फ्लॉपीवर साठवलेली तीच जोडी इम्युलेटरवर लावायची आणि गुण ताडून बघायचे. जुन्या पट्टीवर सव्वीस, पडद्यावर सव्वीस. एकवीस, एकवीस. मला इतका आनंद व्हायचा की काय सांगू. जगातला एकही माणूस माझं कोड इतक्या बारकाईने तपासत नव्हता. मी मांजरीहून दोन बस बदलून, जिना चढून, बिनसाखरेचा चहा प्यायला जात होते आणि खूश होते!

एका रविवारी डब्याच्या तळाशी त्यांच्या मुलीच्या नावाच्या पट्ट्या निघाल्या. सात. तिला आलेली सात स्थळं, सगळी अठराच्या खाली. शेवटच्या पट्टीवर अकरा. हे सातवं स्थळ सगळ्यांना पसंत होतं म्हणे. मुलगा इंजिनिअर, घरचे सज्जन, काकूंनी तर मनातल्या मनात हॉलसुद्धा ठरवला होता. पण यंत्राने अकरा दिले आणि काकांनी नाही कळवलं. पुढे स्थळं यायची थांबली. साऱ्या शहराची लग्नं लावणाऱ्या माणसाची मुलगी घरीच राहिली.

"लावा," काका म्हणाले.

मी लावली. चार मिनिटांनी पडद्यावर आले एकोणतीस.

परत लावली. एकोणतीस. मग बाकीची सहा स्थळं लावली. चोवीस, बावीस, एकतीस. एकही अठराच्या खाली नाही. काकांनी अगदी हळू विचारलं, "यंत्र चुकलं होतं, की तुमचं चुकतंय?"

माझं बरोबर असेल, तर या माणसाने बिघडलेल्या यंत्रावर भरवसा ठेवून स्वतःच्या मुलीची सात स्थळं परत पाठवली होती, आणि हे त्यांना ऐंशीनंतर, चहा पिताना, माझ्यामुळे कळत होतं.

"माझंच चुकत असणार," मी म्हणाले. "शोधते."

आणि मी शोधायला लागले. सगळे प्रोग्रामर आपलं बरोबर आहे हे सिद्ध करायला धडपडतात. मी मात्र हात जोडत होते की देवा, माझं कुठेतरी चुकू दे. बेरीज तपासली, भागाकार तपासला, मेमरीचा कोपरा न कोपरा झाडून काढला. सगळं चोख! माझ्याच नीटनेटकेपणाचा मला इतका राग कधी आला नव्हता. शेवटी आमच्या प्रकल्पाच्या म्होरक्याला लिहिलं. तो कुठल्याशा बर्फाळ देशात राहतो आणि बोलण्यातही तसाच आहे. 'उत्तर बरोबर येतंय, चुकीचं यायला हवं आहे, मदत करा,' असं मी लिहिलं. त्याचं उत्तर आलं: 'ही तक्रार नाही. अभिनंदन.' मी लॅपटॉप असा आपटून मिटवला की नवऱ्याने शेजारच्या खोलीतून विचारलं, "मेलं का मढं?"

तिकडे काकांनी वेगळाच उच्छाद मांडला होता. मुलीच्या आधी उठून तिचा डबा करायचे. तिची पर्स उचलून खालपर्यंत सोडायला जायचे. इस्त्री करायला घेतली आणि तीन ओढण्या जाळल्या. एकदा कॉलेजात फोन करून विचारलं, "तुला बरं वाटतंय ना?" ती वर्गावर होती. शिपायाने वर्गात येऊन, सगळ्या मुलांदेखत तो निरोप पोचवला.

तिसऱ्या रविवारी मी निघाले तेव्हा ती माझ्यामागोमाग जिना उतरली आणि पहिल्या मजल्यावर मला थांबवलं.

"तुम्ही शोधताय ते तुम्हाला सापडायचं नाही. यंत्र बरोबर होतं. तुमचंही बरोबर आहे. टायपिंग मी करायचे."

मला काही कळेना.

"प्रोग्राम बाबांनी एका बोटाने टाइप केला, मग कंटाळले. सगळ्या जन्मवेळा मीच भरायचे. माझं स्थळ आलं की मुलाची तारीख दोन-चार दिवस पुढेमागे करायची. गुण अठराच्या खाली गेले की पट्टी छापायची. पट्टीवर तारीख नसतेच."

"पण मग फ्लॉपीवरच्या तारखांनी एकोणतीस कसे येतात?"

"मी नंतर नीट करून ठेवायचे," ती म्हणाली. "फाइलमध्ये चुकीचं ठेवणं बरं वाटेना."

सात वेळा बापाला फसवलं, आणि सातही वेळा नोंद दुरुस्त करून ठेवली!

"मुलगा आवडला नव्हता का?"

"मुलगा चांगला होता. मला लग्नच नको होतं. शिकायचं होतं, शिकवायचं होतं, आपल्या खोलीचं दार लावून झोपायचं होतं. मी सुखात आहे हो. पण ते बाबांना पटायचं नाही. हल्ली माझ्याकडे असे बघतात, जसा काही मला आजार झालाय. माझ्यासाठी एक करा. तुमचंच चुकलं होतं, असं सांगा त्यांना."

आता बघा. माझं चुकलं, हे वाक्य मी वीस वर्षांच्या संसारात उच्चारलेलं नाही. पण त्या बाईचा चेहरा बघून हो म्हणाले. घरी येऊन इम्युलेटरची एक खास आवृत्ती बनवली. तिची पत्रिका आली की समोरच्या मुलाची तारीख मेमरीत गुपचूप सरकवायची, नेमकी पट्टीवरचे गुण येतील इतकी. तिने हाताने केलेली लबाडी मी कोडमध्ये केली. करताना इतकी लाज वाटली की ती आवृत्ती कुणाला दाखवलीही नाही.

पुढच्या रविवारी गेले. "सापडली चूक, काका. माझीच होती."

शेवटचं स्थळ लावलं. चार मिनिटं गेली. अकरा.

काकांनी डोळे मिटले. खांदे एकदम खाली आले. मला वाटलं, सुटलो. मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला.

"थांबा. माझी आणि हिच्या आईची लावा."

लावली. पट्टीवर तीस, पडद्यावर तीस. मग त्यांनी डब्यातून आधी ताडलेल्या मूठभर पट्ट्या काढल्या आणि एकेक पुढे सरकवत गेले. सगळ्या जुळल्या. चार-चार मिनिटं करत दुपार झाली. आतून कुकरची शिट्टी झाली. काकांनी चष्मा काढला.

"बाई, तुमच्या चुकीच्या आधी या सगळ्यांचे गुण हेच होते. चूक काढल्यावरही हेच आहेत. म्हणजे तुमची चूक फक्त माझ्या मुलीलाच ओळखत होती?"

"असेल काहीतरी, काका."

"यात 'असेल काहीतरी' नसतं. प्रोग्राम मी लिहिलाय." मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "टायपिंग तीच करायची."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"नको होतं लग्न, तर सरळ मला सांगायचं," काकांचा आवाज चढला. "तोंडावर सांगायचं की बाबा, मला नाही करायचं. मी काय जबरदस्ती केली असती?"

काकांनी ती अकरा गुणांची पट्टी उचलली, चष्मा न लावताच डोळ्यांजवळ धरली.

"केली असती," ते म्हणाले.